मे महिना आणि ताईचे पाय

ताईचा डावा डोळा अंधुक झाला तेव्हा आम्ही मुलुंडला होतो. आधी चष्म्याचा नंबर बदलला. मग पाय जड झाले आणि घरात ‘अशक्तपणा’ हाच शब्द रुळला. खरा आजार होता मल्टिपल स्क्लेरोसिस. पॅरिसच्या डॉक्टर शार्कोने १८६८ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं, पण इथे तो थंड देशांचा आजार समजला जाई. पारशांमध्ये तो बराच आढळतो, हे न्यूरॉलॉजिस्ट नोशिर वाडियांनी १९९० मध्ये मांडलं.

एमआरआयपूर्वीच्या काळात रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहत. लक्षणं वाढली की संशय बळावे, कारण मायलिनचं आवरण गेलेल्या मज्जातंतूंना उष्णता सोसत नाही. ताईची ती परीक्षा दर मे महिन्यात स्टेशनच्या पुलावर व्हायची. अर्ध्या जिन्यावर गुडघे लुळे पडत. कठडा धरून ती खाली बसायची, अंग निवलं की पुन्हा चालू लागायची. लोक त्याला ढोंग म्हणत. मला आजही त्याचा संताप येतो.

१९८५ मध्ये या रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. दिव्यांग हक्क कायद्यात आजाराचं नाव यायला मात्र २०१६ उजाडलं. ताईने दिव्यांगत्वाचा दाखला काढला तो त्यानंतर.