चुडाव्याची वेळ आणि घडीसाजांची शागिर्दी

परभणीकडून नांदेडला निघालेली पॅसेंजर पूर्णा जंक्शनला बराच वेळ काढते. तिथून सुटली की चुडावा, मग लिंबगाव आणि पुढे नांदेड. चुडाव्याला गाडी थांबते न थांबते तोच सुटते. इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत शोधायला जावे असे हे गाव नव्हे. परंतु मराठवाड्यातील घड्याळ दुरुस्तीच्या धंद्याचा, आणि तो धंदा शिकलेल्या पोरांचा, मागोवा घ्यायला बसलो तेव्हा आम्हाला सुरुवात अशाच एका लहान स्टेशनापासून करावी लागली. कारण आपल्या खेड्यापाड्यांत मिनिटांचा हिशेब रेल्वेने आणला. त्याआधी वेळ होती, मिनिटे नव्हती.

'घड्याळ' हा शब्द मात्र यंत्राहून जुना. बुडाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात सोडायचे, ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे धरायचे आणि धातूच्या थाळीवर टोला द्यायचा. ती थाळी म्हणजे घडियाल. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात दिल्लीत असे 'तास-ए-घडियाल' बसवल्याचे फारसी तवारिखांत आहे. बाबराने तर आपल्या आत्मचरित्रात या पद्धतीचे बारकाईने वर्णन केले. रात्री मध्येच जाग आलेल्याला नुसते घटकांचे टोले ऐकून कोणता प्रहर चालू आहे ते कळत नाही, म्हणून घटकांपाठोपाठ प्रहराचेही टोले द्यावेत असा हुकूम त्याने काढला. नवे राज्य सावरण्याच्या धामधुमीत त्याला झोपमोड झालेल्या माणसाची आठवण राहिली, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.

आपल्याकडच्या व्याख्यानांतून अल-जझरीचे हत्तीचे घड्याळ हमखास येते. १२०६ साली त्याने आपला यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला. दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हा 'मुवक्कित', म्हणजे नमाजच्या वेळा ठरवणारा, नेमलेला होता आणि १३७१ साली त्याने तिथे केलेली सूर्यघटी प्रसिद्ध आहे. हा अभिमान योग्यच आहे. फक्त एक विसरू नये. अल-जझरी हा स्वतः हाताने काम करणारा माणूस होता. त्याचा ग्रंथ कारागिराने कारागिरांसाठी लिहिलेला आहे. त्याचे नाव घेणारे आपण गल्लीतल्या घडीसाजाला 'घड्याळवाला' एवढ्यावरच भागवतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

आता रेल्वे. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत चारमिनारवर चार दिशांना घड्याळे लागली ती १८८९ साली, महबूब चौकाचा घंटाघर १८९२चा. शहराने वेळ अशी डोक्यावर उचलून धरली. आमच्या भागात ती स्टेशनमास्तरांच्या खोलीत भिंतीवर टांगलेली होती.

आणि ती वेळ कुणाची होती, तर मद्रासची. १९०५पर्यंत देशातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. चुडावा साधारण ७७ रेखांशाच्या किंचित पूर्वेला आहे, मद्रास ८०च्या पुढे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मद्रासचे घड्याळ इथल्या सूर्याच्या बारा-तेरा मिनिटे पुढे. पुढे १९०५ साली रेल्वेने आणि १९०६च्या १ जानेवारीपासून सरकारने ८२॥ रेखांशाची प्रमाणवेळ स्वीकारली, तेव्हा हे अंतर एकवीस-बावीस मिनिटांवर गेले. आजही आमच्या भागात सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला येत नाही. सरासरीने बारा वाजून एकवीस-बावीस मिनिटांनी येतो, आणि ऋतुमानाप्रमाणे त्यातही पंधरा मिनिटांपर्यंत मागेपुढे होते. मुंबईने तर प्रमाणवेळ मनापासून मानलीच नाही. ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' तिथे १९५५पर्यंत टिकली.

ज्या समाजाला दिवसातून पाच वेळा सूर्याकडे पाहावे लागते, त्याला हा फरक पुस्तकी वाटत नाही. सावली मोजून बांग देणारा मोअज्जिन आणि स्टेशनचे घड्याळ यांचा मेळ कुणीतरी घालायला हवा होता. रमजानचे सहर-इफ्तारचे हैदराबादी वेळापत्रक आणले तर त्यात पाच-सहा मिनिटे मिळवावी लागत, कारण हैदराबाद आमच्या पूर्वेला. औरंगाबादचे आणले तर सातएक मिनिटे वजा. हे गणित आम्हाला शाळेत कुणी शिकवले नाही. पूर्ण्याच्या बाजारातल्या एका घडीसाजाने पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने करून दाखवले. त्याची शाळा चौथीत सुटलेली होती.

पूर्ण्याला गाड्या आणि रेल्वेची वसाहत. गार्डाला, ड्रायव्हरला, स्टेशनमास्तरला घड्याळ बाळगावेच लागे आणि ते बरोबर असावे लागे. रेल्वेत रोज दुपारी ४ वाजता सगळ्या प्रमुख स्टेशनांना प्रमाणवेळेचा इशारा देण्याचा नियम आहे. त्यावर घड्याळे मिळवून घ्यायची. चारच्या सुमाराला स्टेशनावर उगाच चक्कर मारून आपले घड्याळ लावून घेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. जिथे इतकी घड्याळे तिथे ती बिघडणारही. १८८६ साली मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस घड्याळे सैन्यात आणि रेल्वेत फार चालली. ती महाग होती. म्हणून ती फेकली जात नसत, बापाकडून मुलाकडे येत. दुरुस्तीच्या धंद्याचा पाया हाच. वस्तू माणसाच्या पगाराहून मोठी असेल तरच तिला दुरुस्त करणारा जगतो.

या दुरुस्त्याकडे पोर कसे लागायचे? बाप किंवा मामू हात धरून आणून बसवी. लिखापढी नाही, फी नाही, पगारही नाही. ईदला कपडे, रोजचा चहा, आणि कधी खूश होऊन उस्तादाने हातावर ठेवलेला रुपया. पहिले काही महिने झाडलोट, पाणी भरणे, गिऱ्हाइकाला चहा सांगणे. मग पेट्रोलच्या वाटीत घड्याळाचे भाग ब्रशने धुणे. यात पोराची परीक्षा असे, आणि ती पोराला कळत नसे. वाटीतून एक स्क्रू हरवला तर तो दुकान झाडूनच शोधावा लागे, आणि असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा तो हरवत नसे. नंतर गजराचे टाइमपीस खोलायला मिळे. त्याचे भाग मोठे, चूक झाली तरी निभते. एकच धोका, कमान न सोडता प्लेट उघडली तर ती सणकन हात कापते. त्यानंतर भिंतीवरची लंबकाची घड्याळे, मग मर्दानी मनगटी घड्याळे, आणि सगळ्यात शेवटी जनानी, कारण ती सर्वांत लहान.

आणि या सगळ्याच्या वर बाल कमान. केसाहून बारीक अशी ती गुंडाळलेली स्प्रिंग ताशी १८,००० वेळा चक्राला हेलकावे देते, म्हणजे सेकंदाला पाच. तिचे वळे एकमेकांना चिकटले की घड्याळ पुढे धावते. ती चिमट्याने सरळ करायची, आणि हात श्वासाबरोबरही हलता कामा नये. पाच-सहा वर्षे झाल्याशिवाय उस्ताद तिला हात लावू देत नसे. आमच्या आठवणीतला एक उस्ताद आधी घड्याळ कानाला लावायला सांगे. "नक्को खोलो, पहले सुनो." आवाज लंगडा आहे, दबका आहे, की एका बाजूने मोठा आहे, यावरून दोष कुठे ते ओळखायचे. हे ऐकणे कोणत्याही पुस्तकात उतरवता येणार नाही असे त्याचे म्हणणे होते. आम्ही तेव्हा ते मानले. आज मानत नाही.

कारण लंबकाच्या घड्याळांचेच घ्या. मशिदीतले भिंतीवरचे घड्याळ उन्हाळ्यात मागे पडते हे प्रत्येक उस्तादाला माहीत होते. लंबकाखालची चकती फिरवून वर घ्यायची, म्हणजे ते पुन्हा वेळेवर येते, हेही शागिर्दाला दाखवले जाई. पण असे का होते ते बहुतेकांना सांगता येत नसे. उष्णतेने पितळी दांडी लांबते; तापमान २० अंशांनी वाढले तर घड्याळ दिवसाला साधारण १५ सेकंद मागे पडते. सातवी-आठवीच्या पोराला हे अर्ध्या तासात समजते, आणि समजले की पुढची पाच घड्याळे तो न विचारता लावतो. उस्तादाकडे हात होता, शाळेकडे कारण होते, आणि दोघांची गाठ कधी पडली नाही. शागिर्दीची पद्धत आम्हाला प्रिय आहे, पण तिच्यात पोराची वर्षे फुकट जात होती, आणि काही उस्ताद धंद्यात भागीदार नको म्हणून शेवटची गोष्ट मुद्दाम शिकवत नसत, हे लपवण्यात अर्थ नाही.

शाळेशी गाठ का पडली नाही याचे उत्तर १९४८मध्ये शोधावे लागते. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. पाठोपाठच्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने नांदेड गणला. उरलेले तीन उस्मानाबाद, बीदर आणि गुलबर्गा. कारभाराची उर्दू भाषा गेली, तिच्यासोबत कारकुनी, पोलीस, महसूल यांतल्या नोकऱ्या गेल्या. ज्या घरांत नोकरी हीच मिळकत होती तिथल्या मुलांना हाताच्या धंद्याकडे वळावे लागले. सायकल, शिलाई, वेल्डिंग, घड्याळ. या धंद्यांना अर्ज लागत नव्हता, भाषेची परीक्षा लागत नव्हती, आणि कुणाची शिफारसही लागत नव्हती. ही निवड नव्हती, आसरा होता. पुढे 'आमचा समाज हुन्नरी आहे' असे आपणच अभिमानाने म्हणू लागलो, तेव्हा हा आसऱ्याचा भाग आपण सोयीने विसरलो.

इकडे सरकारी प्रशिक्षणाची व्यवस्था उभी राहात होती. कारागीर प्रशिक्षण योजना १९५०ची. तिच्यातूनच आयटीआय आल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा झाला. त्याच वर्षी जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना निघाला. देशात घड्याळे बनू लागली, 'जनता' घड्याळ शेतकऱ्याच्या मनगटावर आले, आणि दुरुस्तीला तर सुगीचे दिवस आले. आयटीआयच्या व्यवसायांत घड्याळ दुरुस्तीचाही समावेश होता. पण प्रवेशाला शाळेची किमान इयत्ता लागे, आणि आमची पोरे त्याआधीच बाकावर बसलेली. कायद्यातला शिकाऊ उमेदवार आस्थापनेत असतो. एक बाक, एक भिंग आणि एक काचेची पेटी एवढेच ज्याचे दुकान, ती आस्थापनाच नव्हे. आजच्या नियमांतही चारपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी कायद्याप्रमाणे उमेदवार घेता येत नाही. म्हणजे सात वर्षे शिकलेला शागीर्द कागदावर अकुशल मजूर, आणि त्याचा उस्तादही तसाच.

मग क्वार्ट्झ आले. सेइकोचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आले, तेव्हा त्याची किंमत एका लहान मोटारीएवढी होती असे सांगतात. वीसेक वर्षांत तेच तंत्र आमच्या आठवडी बाजारात रुमालावर मांडून विकले जाऊ लागले. १९८७पासून टायटनची घड्याळे आली. क्वार्ट्झमध्ये बाल कमान नाही, आणि ऐकण्यासारखेही काही नाही. सेल बदलायचा, नाहीतर आतले मशीनच बदलायचे. सात वर्षांची शागिर्दी दहा मिनिटांच्या कामावर आली. त्यानंतर मोबाइल आला आणि वेळ पाहायला घड्याळाची गरजही उरली नाही. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६च्या जानेवारीत घेतला.

यंत्र बदलले की धंदा बुडतो, त्याला कुणाचा इलाज नाही. आमची तक्रार वेगळी आहे. २००६ साली सच्चर समितीने मुसलमान कामगार मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारात, असंघटित धंद्यांत आहेत हे आकड्यांनिशी मांडले. २०१५ साली अल्पसंख्याकांच्या पारंपरिक कलांसाठी योजना निघाली. तिचे नावच 'उस्ताद'. २०२३च्या १७ सप्टेंबरला, म्हणजे नेमके मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा धंद्यांत कुलपे बनवणारा आहे, माळा गुंफणारा आहे, शिंपी आहे. घडीसाज नाही. यादी करणाऱ्यांचा दोष थोडा, आपला अधिक. आपण कधी या माणसांची मोजणी केली नाही, त्यांच्याकडून लिहून घेतले नाही, आपल्या संमेलनांच्या ठरावांत त्यांचा उल्लेखही आणला नाही. हे लिहिताना आमच्याही हाती एका उस्तादाच्या शब्दांची टिपणे नाहीत, फक्त आठवणी आहेत.

गेल्या वर्षी पूर्ण्याला गेलो तेव्हा त्या जुन्या उस्तादाचा शागीर्द भेटला. आता त्याचीच दाढी पांढरी झाली आहे. पुढच्या काचेत मोबाइलची कव्हरे आणि चार्जर, मागच्या कोपऱ्यात बाक. मुंबई-पुण्याचे शौकीन जुनी 'जनता' आणि 'पायलट' कुरिअरने पाठवतात, महिन्याला दोन-तीन. त्यासाठी तो बाक ठेवला आहे. सुटे भाग कुठून आणता विचारले, तर त्याने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. आत औषधाच्या पुड्यांसारख्या कागदी पुड्या, प्रत्येकीवर उस्तादाच्या हातची उर्दू अक्षरे. कोणत्या घड्याळाचे चक्र, कुठला दात झिजलेला, कशात बसेल. शागिर्दाला उर्दू वाचता येत होते. त्याच्या मुलाला येत नाही. तो मराठी शाळेत शिकला आणि नांदेडला मोबाइल दुरुस्ती करतो. आम्ही तिथेच बसून वीसेक पुड्यांवरचा मजकूर देवनागरीत उतरवला. पुड्या दोनशेच्या वर असाव्यात. चारची गाडी लागली म्हणून उठलो.