चरोद्याचं यार्ड आणि ऑब्जेक्टची जन्मकथा

मागच्या भागात आपण फोर्ट्रान आणि कोबोलपर्यंत आलो होतो. आज ऑब्जेक्टची पाळी. हा भाग मी चरोद्यातून बोलतोय, आणि हे मुद्दाम सांगतोय, कारण हा विषय समजून घ्यायला आमच्या गावाइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही.

ज्यांना चरोदा माहीत नाही त्यांच्यासाठी: दुर्ग जिल्ह्यात, रायपूर-दुर्ग लोहमार्गावर, भिलाईला लागून असलेलं हे रेल्वेचं गाव. भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं. दल्ली-राजहराचं लोहखनिज आणि कोळसा आत, रूळ आणि पोलाद बाहेर. या उलाढालीच्या वाघिणींचं भिलाई मार्शलिंग यार्ड चरोद्यात आहे. (वॅगनला 'वाघीण' फक्त मराठी वर्तमानपत्रं म्हणतात. इथे तसं म्हटलं तर लोक जंगलाकडे बघतील. मीही पुढे वॅगनच म्हणणार.)

ऑब्जेक्टची कल्पना अमेरिकेत जन्मली असं पुष्कळ जण समजतात. ती जन्मली ऑस्लोमध्ये. नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन न्यूगोर आणि ओले-योहान डाल या दोघांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोग्रामिंगची नवी शैली वगैरे काही शोधायची नव्हती. त्यांना रांगांचा हिशेब हवा होता. काउंटरपुढे गिऱ्हाइकं किती ताटकळतात, एक काउंटर वाढवला तर काय फरक पडतो, असे प्रश्न. त्यांच्या पहिल्या आराखड्यात 'स्टेशनं' होती आणि त्यांमधून पुढे सरकणारी 'गिऱ्हाइकं' होती. त्यातून सिम्युला ही भाषा झाली.

मग अडचण आली. त्यांचं आवडतं उदाहरण होतं टोलनाक्याच्या पुलाचं. रांगेत ट्रकही आहेत, बसही आहेत. रांगेत उभं राहणं दोघांचं सारखं, बाकी सगळं वेगळं. सारखा भाग दोनदा का लिहायचा? उत्तर निघालं की सारखा भाग एकदाच लिहावा आणि ट्रक किंवा बस लिहिताना तो पुढे जोडावा. म्हणजेच क्लास आणि सबक्लास. सिम्युला ६७ मध्ये हे आलं. दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि २००२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

आता यार्डात या. वॅगनच्या अंगावर लिहिलेलं असतं बीओएक्सएन, बीसीएन, बीटीपीएन. ही अक्षरं उलगडून बघा. बी म्हणजे बोगी, ओ म्हणजे उघडी, सी म्हणजे झाकलेली, टी म्हणजे टाकी, शेवटचा एन म्हणजे एअर ब्रेकवाली. सामाईक गुण आणि वेगळे गुण, दोन्ही नावातच. शेजारी अकरा आकडी क्रमांक: पहिले दोन अंक प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार त्या वॅगनचे स्वतःचे, आणि शेवटचा अंक आधीच्या दहांवरून काढलेला, म्हणजे कुणी लिहिताना चुकला तर पकडता यावा. क्लास, मालकी, ओळख आणि पडताळणी, सगळं पत्र्यावर पांढऱ्या रंगात.

आणि 'सिक'. वॅगन नादुरुस्त झाली की रेल्वेत ती सिक होते, दुरुस्तीनंतर फिट होते. पण सिक कोण ठरवणार? तपासणारा टीएक्सआर. क्रमांक लिहून घेणारा कारकून नाही, स्टेशन मास्तर नाही. अवस्था कोणाच्या शब्दाने बदलते, हे ठरवून बाकीच्यांना तिथे हात घालू न देणं, यालाच पुस्तकं एन्कॅप्सुलेशन म्हणतात.

पुस्तकांवरून आठवलं. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रातल्या जेम्स रम्बॉ आणि चार सहकाऱ्यांचं 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड मॉडेलिंग अँड डिझाइन' १९९१ मध्ये आलं. त्याचा आग्रह साधा होता: आधी प्रश्नातल्या वस्तू आणि त्यांची नाती मांडा, कोणत्या भाषेत लिहायचं ते मागाहून. त्या काळात ग्रेडी बूच, इवार याकबसन अशा प्रत्येकाची चिन्हं वेगळी होती. तिघे रॅशनल कंपनीत एकत्र आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये यूएमएल हे प्रमाण म्हणून मंजूर झालं. आपल्या पुण्यातही, टीसीएसने १९८१ मध्ये काढलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात, मॉडेलवरून थेट कोड तयार करणाऱ्या मास्टरक्राफ्टवर काम झालं. हे आपल्या अभ्यासक्रमात कुठे येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

अभ्यासक्रमात येतं ते ग्रंथालय आणि एटीएम. मी इथे मुलांना शिकवतो. बहुतेक जण आधी कोड लिहितात आणि प्रकल्पाची फाइल भरायला रात्री डायग्राम काढतात. परीक्षेत गुण मिळतात, नोकरीच्या मुलाखतीत फजिती होते. म्हणून मी ग्रंथालय बंद केलं आणि यार्ड दिलं.

पहिल्याच दिवशी एका मुलीने 'भरलेली वॅगन' आणि 'रिकामी वॅगन' असे दोन सबक्लास काढले. दिसायला झकास. मी विचारलं, कारखान्यात कोळसा उतरवला की काय होतं? भरलेली मरते आणि रिकामी जन्मते? मग तो अकरा आकडी क्रमांक कोणाचा? तिने स्वतःच खोडलं. भरलेली असणं ही अवस्था आहे, प्रकार नव्हे.

दुसरा वाद रेकचा. रेक आणि वॅगन यांच्यामध्ये भरीव चौकट काढायची की पोकळ? भरीव म्हणजे संपूर्ण गेलं की भागही गेले. मार्शलिंग यार्डाचा मूळ धंदाच गाड्या तोडून नव्याने जुळवण्याचा. रेक मोडतो, वॅगन उरते. म्हणून पोकळ. एका मुलाचे वडील यार्डात आहेत. तो म्हणाला, सर, हल्ली रेक फारसा मोडतच नाही. खरं आहे. १९८० च्या दशकात रेल्वेने सुट्या वॅगनऐवजी अख्खे रेक चालवण्यावर भर दिला आणि मार्शलिंगचं काम घटलं. तरी दरम्यान एखादी वॅगन सिक निघाली तर तेवढी काढतातच. चौकट पोकळच राहिली, पण तासभर वाद झाला, आणि तो तास मला ग्रंथालयाने कधी दिला नव्हता.

पुढच्या भागात सीक्वेन्स डायग्राम. तोवर एक काम करा: इंजिन रेकच्या आत धरायचं की बाहेर, ते चित्र काढून ठरवा. मी बाहेर धरतो. का, ते तेव्हा सांगेन.