कामांची नावे : दूधविनायकाच्या गल्लीपासून आपल्या वर्गापर्यंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपल्या शाळेतील इंग्रजी विषयाची वाटचाल’ हा विषय मला सुचविला होता. विषय मोठा आहे आणि निकालांचे आकडे वार्षिक अहवालांत येतातच; म्हणून त्यातील एकच पान मी येथे उघडते आहे. पहिली-दुसरीच्या इंग्रजीत एक पाठ हटकून असतो. चित्रात डॉक्टर, शेतकरी, शिंपी, पोस्टमन, सुतार उभे असतात आणि मुले त्यांची इंग्रजी नावे म्हणतात. रंगांची, फळांची, प्राण्यांची नावे शिकविताना शिक्षिकेला कसलीच अडचण पडत नाही. निळा रंग कोणाच्या घरचा नसतो. काम मात्र प्रत्येक मुलाच्या घरचे असते, आणि ते वर्गात आले की त्याच्याबरोबर प्रतिष्ठा, जात, मिळकत, अभिमान व संकोच हे सारेच आत येते.

माझे माहेर काशीचे, दूधविनायक मोहल्ल्यातले. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट आणि दूधविनायक या भागात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी व बनारसी बोली, पाठशाळेत संस्कृत आणि सहावीपासून शाळेत इंग्रजी अशा चार भाषांत आम्ही मुले वाढलो. त्यामुळे एकेका कामाला आमच्याकडे तीन-तीन नावे असत. ठठेरी बाजारात भांडी घडविणारा तो ‘ठठेरा’. आजीच्या तोंडी तोच ‘तांबट’ किंवा ‘कासार’. रेशमी वस्त्र विणणारा बाहेर ‘बुनकर’, घरात ‘कोष्टी’, वहीत ‘वीव्हर’. नाव वल्हविणारा ‘मल्लाह’, ‘नावाडी’ आणि ‘बोटमन’. घाटावर छत्रीखाली बसून स्नानार्थींचे कपडे सांभाळणाऱ्या, गंध लावणाऱ्या, संकल्प सांगणाऱ्या ‘घाटिया’ला मात्र इंग्रजी नाव आम्हांला कधीच सापडले नाही. ‘गुरू’ हे तर काशीत कोणीही कोणालाही म्हणतो; पानवाला गिऱ्हाइकाला म्हणतो आणि गिऱ्हाईक पानवाल्याला. ‘टीचर’ या शब्दासमोर ‘गुरू’ लिहावे की नाही, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता.

याच गल्लीतील एका मुलाची गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. वडिलांच्या व्यवसायावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहायची होती. वडील भिक्षुकी करीत. मराठीत भिक्षुक म्हणजे पौरोहित्य करणारा. त्या शब्दाला आपल्याकडे मान आहे, ‘गृहस्थ’ आणि ‘भिक्षुक’ अशी विभागणीही जुन्या घरांत होती. हिंदीत मात्र भिक्षुक म्हणजे सरळ भीक मागणारा. मुलाने हिंदी-इंग्रजी कोश उघडला व प्रामाणिकपणे लिहिले, ‘माय फादर इज अ बेगर.’ वर्ग हसला. शिक्षकांनी लाल शाईने ‘प्रीस्ट’ असे दुरुस्त केले आणि गुण दिले. शब्द दुरुस्त झाला. पण तो मुलगा पुढे वर्षभर इंग्रजीच्या तासाला तोंड उघडीत नव्हता. व्यवसायांची नावे ही निरुपद्रवी शब्दयादी आहे असे जे समजतात, त्यांना मी ही गोष्ट सांगते.

काशीला इंग्रजी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. जयनारायण घोषाल यांची शाळा १८१८ साली चर्च मिशनरी सोसायटीकडे सोपविली गेली व तेथे देशी भाषांबरोबर इंग्रजी शिकविली जाऊ लागली. जोनाथन डंकन यांनी १७९१ मध्ये स्थापिलेल्या संस्कृत महाविद्यालयावर १८४० च्या दशकात जेम्स बॅलंटाइन प्रमुख म्हणून आले. या गृहस्थांनी त्यापूर्वीच, १८३९ मध्ये, मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले होते, हे मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. पंडितांनी इंग्रजी शिकावी आणि पाश्चात्त्य शास्त्रांतील संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द मिळावेत, यासाठी त्यांनी पुष्कळ परिश्रम घेतले. त्याच महाविद्यालयात मराठी पंडित बापूदेवशास्त्री गणित व ज्योतिष शिकवीत होते. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून नेमका शब्द शोधणे हे काम काशीच्या मराठी माणसाला नवे नव्हते.

पदांच्या नावांचा काशीशी असलेला संबंध तर याहूनही जुना आहे. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो करण्यासाठी गागाभट्ट काशीहून आले. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांच्या फारसी पदनामांना संस्कृत नावे मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. ‘राज्यव्यवहारकोश’ या ग्रंथात असे सुमारे चौदाशे शब्द गोळा केलेले आहेत. पद तेच राहिले, नाव बदलताच राज्य कोणाचे हे कळू लागले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ साली सिद्ध झालेला ‘शासनशब्दकल्पतरू’ आणि राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाने काढलेला पदनाम कोश ही त्याच मार्गावरची पुढची ठाणी. ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ हे शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांचे म्हणून सांगितले जातात. माझ्या खोलीच्या दारावरील ‘मुख्याध्यापिका’ हे पदही त्यांच्याच यादीतील ‘मुख्याध्यापक’ या शब्दावरून आलेले.

काशीत हेच काम बाबूराव विष्णु पराडकर यांनी हिंदीत केले. १८८३ मध्ये काशीतील मराठी कुटुंबात जन्मलेले पराडकर ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून कीर्तिमान झाले. सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. मामांनी बंगालीत लिहिले, भाच्याने हिंदीत. इंग्रजी ‘प्रेसिडेंट’ या शब्दासाठी ‘राष्ट्रपति’ आणि ‘मिस्टर’साठी ‘श्री’ हे शब्द रूढ करण्याचे श्रेय हिंदी जगत पराडकरांना देते. देशातील सर्वोच्च पदाचे नाव एका काशीकर मराठी संपादकाच्या लेखणीतून प्रचारात आले, ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यात अजूनही अभिमानाने सांगतात. मला ती अभिमानापेक्षा उपयोगाची वाटते. इंग्रजी शब्द आला की आपली भाषा गेली, असे म्हणणाऱ्या पालकांना आणि मराठी शब्द कशाला हवा, असे विचारणाऱ्या पालकांना मी एकच उदाहरण देऊ शकते.

आता महाराष्ट्रात येऊ. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यातील बलुतेदारांविषयीची नोंद अवश्य पाहावी. गावगाड्यातील एकेका कामाला इंग्रजी शब्द शोधताना कोशकारांची झालेली दमछाक तेथे दिसते. सुताराला ‘कार्पेंटर’ आणि कुंभाराला ‘पॉटर’ मिळाले. पण गुरवाला, जोश्याला, महाराला एका शब्दात कसे बसवायचे? ते काम होते, वतन होते आणि जन्मही होता. इंग्रजी शब्दाने त्यातील जन्म गाळला. मला हा इंग्रजीचा एक उपकार वाटतो, मात्र तो पुरता उपकार नव्हे, कारण नाव गाळले तरी वागणूक राहिली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी, बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचेही ज्ञान असावे असे सांगितले. आणि शिक्षक असा हवा की ज्याला नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची लाज वाटणार नाही, असेही म्हटले. व्यवसायांचा पाठ शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे वाचलेले असावे.

शब्दांची चित्रे दाखवून भाषा शिकविण्याची पद्धत युरोपात कोमेनियसने रूढ केली. १६५८ सालच्या त्याच्या सचित्र पुस्तकात दीडशे पाठ आहेत व त्यांत शिंपी, सुतार, लोहार, कुंभार हे सारे आपापल्या हत्यारांसह हजर आहेत. आपल्याकडे मात्र बराच काळ चित्रे नव्हती, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य इंग्रजीत करा, इंग्रजी मराठीत करा. ज्यांनी ती पाठमाला पार केली, त्यांचे इंग्रजी पक्के झाले. ज्यांना ती पार करता आली नाही, त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

मुंबई राज्यात स्वातंत्र्यानंतर इंग्रजी आठवीपर्यंत पुढे ढकलली गेली होती. आपल्या शाळेच्या आरंभीच्या तुकड्यांना ती पाचवीपासून होती. त्या काळचे माजी विद्यार्थी भेटले की ‘ही इज अ फार्मर, शी इज अ नर्स’ ही वाक्ये तक्त्याकडे बोट दाखवून कोरसमध्ये म्हटल्याचे हमखास सांगतात. जून २००० पासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आली आणि अकरा वर्षांच्या मुलांसाठीचा हा पाठ सहा वर्षांच्या मुलांपुढे ठेवावा लागला.

सहा वर्षांचे मूल कोठे अडखळते, हे येथे पालकांसाठी थोडे विस्ताराने लिहिते. मराठीत ‘माझे वडील शिक्षक आहेत’ असे आपण आदरार्थी बहुवचनात म्हणतो. मूल तोच आदर इंग्रजीत नेते आणि म्हणते, ‘माय फादर आर टीचर.’ ही चूक संस्कारातून आली आहे. तिच्यावर रागावू नये. मराठीत व्यवसायाच्या नावाआधी काही लागत नाही, इंग्रजीत ‘अ डॉक्टर’, ‘ॲन इंजिनियर’ असे लागते. हे नियम सांगून येत नाही, कानाने येते. ‘टीच’चा ‘टीचर’ व ‘ड्राइव्ह’चा ‘ड्रायव्हर’ होतो हे कळले की हुशार मूल आचाऱ्याला ‘कुकर’ म्हणते. घरी हसण्याआधी लक्षात घ्यावे, की नियम त्याला समजला आहे, अपवाद तेवढा राहिला आहे. आणि पुष्कळ शब्द तर त्याला येतातच : ड्रायव्हर, कंडक्टर, नर्स, टेलर. बांधकामावरचा ‘मेस्त्री’ पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, शाळेतला ‘मास्तर’ इंग्रजी ‘मास्टर’वरून, आणि हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत. भिंत बांधणारा आणि बाराखडी शिकविणारा हे शब्दांच्या कुळात सख्खे भाऊ आहेत, हे चौथीच्या मुलांना सांगितले तेव्हा एका मेस्त्र्यांच्या मुलीने ताठ बसून माझ्याकडे पाहिले होते.

आपल्या शाळेत गेली अनेक वर्षे ‘व्हॉट इज युअर फादर?’ हा प्रश्न वर्गात उभे करून विचारला जात नाही. कोणाचे वडील नसतात, कोणाच्या वडिलांचे काम सुटलेले असते, कोणाचे घर आईच्या धुण्याभांड्यांवर चालते. त्याऐवजी मुले रस्त्याने येताना पाहिलेल्या कामांची यादी करतात व ते काम कोण करते हे सांगतात. ‘पोस्टमन’च्या जागी पत्र आणणारी बाई असू शकते, तेव्हा कोणता शब्द वापरायचा, यावर तिसरीत चांगला वाद होतो.

काही पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. कुंभार, विणकर ही नावे इंग्रजीत शिकून काय उपयोग, मुलांना पुढच्या जगातील कामे शिकवा, असे ते म्हणतात. पुढची कामे आम्ही शिकवितोच. परंतु वर्गात आडनावाने सुतार, कुंभार, शिंपी, लोहार बसलेले असतात. आणि इंग्लंडात ‘स्मिथ’, ‘टेलर’, ‘पॉटर’, ‘कार्पेंटर’ ही आडनावे तशीच चालत आली आहेत हे त्यांना समजणे मला सॉफ्टवेअरच्या शब्दाइतकेच निकडीचे वाटते. यावर मतभेद असू शकतो आणि पालक सभेत तो झालेलाही आहे.

हीरक महोत्सवानिमित्त प्राथमिक विभागात व्यवसायांचा नवा तक्ता तयार होत आहे. त्यात बाजारातली चित्रे न लावता माजी विद्यार्थ्यांची, ते काम करीत असतानाची छायाचित्रे लावावयाची आहेत. आपण शेती करीत असाल, रिक्षा चालवीत असाल, न्यायालयात वा प्रयोगशाळेत असाल, घर सांभाळीत असाल, तरी एक छायाचित्र आणि आपल्या कामाचे मराठी व इंग्रजी नाव शाळेच्या कार्यालयात आणून द्यावे. ज्या कामाला इंग्रजी नाव सापडणार नाही, त्याचे मराठी नावच तक्त्यावर लिहिले जाईल. ‘घाटिया’ हा शब्द मी माझ्याकडून पहिल्या ओळीत लिहून ठेवला आहे.