तळटीप : घोरपडीची शिकार

* ‘घोरपड दबा धरून बसते’ : मूळ पाठातले हे विधान तसेच ठेवले आहे, पण ते घोरपडीपेक्षा बिबट्याला अधिक शोभते. बोरच्या जंगलात काय किंवा वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीच्या धुऱ्यावर काय, घोरपड दिवसाउजेडी हिंडून भक्ष्य हुडकते. दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर करत ती गंधकण टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेते. जिभेच्या ज्या टोकाला वास अधिक, तिकडे वळते. मग नखांनी पालापाचोळा उकरायचा, शेणाचा पो उलथायचा आणि भुंगेरा किंवा अळी सापडली की आख्खी गिळायची. अंडी, बेडूक, उंदीर, खेकडे, झालेच तर मेलेले जनावरही चालते. शरीराची ठेवणही याच बाजूने साक्ष देते. बहुतेक सरड्यांना धावताना नीट श्वास घेता येत नाही. घोरपडीच्या कुळात मात्र गळा भात्यासारखा हवा आत ढकलतो, हे १९९९ मध्ये प्रयोगांतून दिसले. नुसते दबून बसणाऱ्याला एवढा दम कशाला हवा?

इंडोनेशियातली कोमोडो घोरपड हरणाच्या वाटेवर दबा धरते, हा आक्षेप खरा आहे. पण तिथे भक्ष्य मोठे आणि चपळ असते. अळ्यांसाठी असे ताटकळणे परवडणारे नाही. कोमोडोच्या विषग्रंथींवरचे २००९ चे संशोधन पुढे करून आपल्या घोरपडीच्या शिकारीलाही विषाचे श्रेय देणे घाईचे ठरेल. तोंडात मावणाऱ्या उंदराला जबड्याची पकड आणि दोन झटके पुरतात. — संपादक