गिरणगावात मन कोण सांभाळायचं?

१९७४ साली मुंबईत परळच्या लेबर इन्स्टिट्यूटमधून शिकून मी लालबागच्या एका कापडगिरणीत कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागलो. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की असा अधिकारी नेमावाच लागायचा, हे तेव्हा १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं ४९वं कलम होतं. कॅन्टीन, पाळणाघर, पिण्याचं पाणी, रजेचे अर्ज, उसनवारीची भांडणं, सगळं माझ्या टेबलावर यायचं. माणसाच्या मनाला मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. रजेच्या अर्जावर कारण लिहिलेलं असायचं ‘अशक्तपणा’. तो अशक्तपणा तिसऱ्या पाळीतून जास्त यायचा आणि बदलीवाल्यांकडून त्याहून जास्त, हे थोड्याच दिवसांत ध्यानात आलं.

बदलीवाला म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीच्या दारात उभं राहायचं. काम मिळालं तर आत, नाही तर खोलीवर परत. १९३५पासून बदलीवाल्यांना कार्ड देण्याची पद्धत मुंबईत सुरू झाली आणि माणसं कामावर घेणाऱ्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीला थोडा लगाम बसला, पण आज हाताला काम आहे की नाही ही धाकधूक काही गेली नाही. अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं मी पाहिली. पगार कमी म्हणून जितकी खचली नसतील, तितकी ती ह्या दारातल्या उभं राहण्यानं खचली.

संगमेश्वरकडचा एक सांधेवाला होता. रिंग खात्यात तुटलेल्या तारा सांधायचं त्याचं काम. हात चांगला, पण अचानक त्याच्या तारा सुटायला लागल्या, म्हणून जॉबरनं तक्रार आणली. त्या संध्याकाळी त्याच्या खोलीतला एक वयस्क गाववाला माझ्याकडे आला. “सायेब, त्याला बोलू नका. आठ दिस झाले, ताटावर बसतो आणि तसाच उठतो. रातचा जागाच असतो.” आई गेली होती. रजा टाकली तर जागा जाईल म्हणून तो गावाला गेला नव्हता आणि कुणाला बोललाही नव्हता. मी खात्याच्या मास्तरांशी भांडून त्याची तिसरी पाळी बदलून घेतली आणि परत आल्यावर तीच जागा मिळेल असं लिहून देऊन त्याला गावाला धाडला. गणपती करून तो परतला आणि पुढे कित्येक वर्षं नीट काम करत राहिला. माझं श्रेय ह्यात फार थोडं. त्याच्या जेवणावर नजर ठेवणारा तो गाववाला नसता, तर मला पत्ताही लागला नसता.

खोली म्हणजे काय होती, ते आज सांगावं लागतं. दहा बाय बाराच्या जागेत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा व्हायचा. खोलीचं भाडं वाटून, गावच्या मंडळाचा फंड, दर शनिवारी भजन, आणि जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुतेक गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. कोण जेवायला आला नाही, कोण निम्म्यातून उठला, कोणाच्या तोंडाला कालपासून वास येतोय, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. १९७४च्या संपात ह्याच बायकांनी उधारीवर कामगारांना जेवू घातलं आणि स्वतः सावकाराच्या तावडीत सापडल्या. त्यांना त्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ह्या संस्थेचा इतिहास स्त्रियांच्या रोजगाराचा म्हणून लिहिला जातो, तो योग्यच आहे. मला मात्र त्या बायका गिरणगावच्या मनाचा पहारा करणाऱ्या वाटत आल्या आहेत.

खोलीचं कौतुक करताना तिची दुसरी बाजू लपवता येत नाही. गर्दी, क्षय, एकांताचा पूर्ण अभाव, आणि जात. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला, पण दलित कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातल्या कांडीचा दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि विटाळ होतो म्हणून सवर्ण विणकरांचा विरोध. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उचलून धरला. रोज ज्या दारावरून जायचं, त्याच दारातून आत जायला मनाई, ह्याचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो हे समजायला डॉक्टर लागत नाही. कामाच्या जागी होणारा अपमान हे मनाच्या आजाराचं कारण आहे, असं मी नंतर नोकरीत जिथे जिथे सांगितलं, तिथे हेच उदाहरण दिलं.

त्याच्याही आधी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते. मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे आतलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. १८८४च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्रियांनी भाषणं केली. १० जून १८९०ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ह्या मागण्या मी पुनःपुन्हा वाचल्या आहेत. झोप, दुपारचा श्वास, एक मोकळा दिवस आणि पैशाची हमी. मन ठीक राहायला माणसाला आधी काय लागतं, ते ह्याहून नेमकं मी कुठल्याही अभ्यासक्रमात शिकलो नाही.

मालकांनी मग दिवे आणले. विजेच्या उजेडात सूर्यास्ताचा प्रश्नच उरला नाही. १९०५च्या सुमाराला मुंबईच्या काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या. १९११च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, १९३४ला ती दहावर आली आणि १९४६ला आठवड्याचे ४८ तास झाले, तेव्हा मजूर खातं आंबेडकरांकडे होतं. तास कमी झाले की संध्याकाळ मोकळी झाली. तिथे कामगार कल्याण केंद्रं आली, १९५३च्या कायद्यानं त्यांना स्वतःचा निधी मिळाला. कॅरम, वाचनालय, शिवणाचे वर्ग, नाटकं. खात्यात दिवसभर कुणाचा शब्द ऐकू येत नाही अशी माणसं रात्री रंगमंचावर मोठ्यानं बोलायची. साच्यांच्या धडाडीत विणकर हातवाऱ्यांनीच बोलत, त्यामुळे कामगार नाटकांत अभिनय हातांतून फार चांगला यायचा. तालमीला येणारा माणूस गुत्त्यावर जात नाही, हे बायकांना आमच्या आधी कळलं होतं. त्या स्वतः नवऱ्याचं नाव द्यायला यायच्या.

मग १८ जानेवारी १९८२. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार बुडाला, तो दिसत होता. खोल्या रिकाम्या झाल्या, खानावळी बंद पडल्या, गावच्या मंडळांचे फंड आटले, हे कुणी मोजलं नाही. सांभाळणारं सगळं गिरणीच्या पगारावरच उभं होतं, त्यामुळे ज्या दिवशी आधाराची सर्वांत जास्त गरज लागली त्याच दिवशी तेही कोसळलं. पाळीच्या वेळेला उठून, अंघोळ करून, रिकाम्या हातानं बाहेर पडणारी माणसं मी पाहिली. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मैदानात जाऊन बसायची. बायका पापड लाटायला, धुणीभांडी करायला लागल्या, आणि नवरे घरात त्यांच्याशी नजर मिळवेनासे झाले. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे घर माहीत आहे. आमच्या गिरणीनं संपानंतर कल्याण खात्याचं टेबलच उचललं. नेमकं तेव्हा तिथे बसायला कुणीतरी हवं होतं, ह्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

आता त्याच जमिनींवर काचेची ऑफिसं आहेत. तिथे समुपदेशक असतात, हेल्पलाइन असते. मी त्याचं मनापासून स्वागत करतो, आमच्या वेळी असा माणूस मिळाला असता तर कितीतरी घरं वाचली असती. पण फोन उचलायला माणसाला आधी आपण खचलो आहोत हे स्वतःशी कबूल करावं लागतं, आणि खचलेला माणूस नेमकं तेच करत नाही. त्याच्या ताटाकडे कुणीतरी पाहावं लागतं.

लोअर परळच्या एका कंपनीनं मला मॅनेजरांशी बोलायला बोलावलं होतं. ताण कसा ओळखावा, असा त्यांचा विषय. मी त्यांना एवढंच विचारलं, की तुमच्याकडे रात्रपाळीवर सलग सर्वांत जास्त दिवस कोण आहे? कुणाला सांगता आलं नाही. एका तरुण मॅनेजरबाईंनी दुसऱ्या दिवशी हजेरी काढून पाहिली आणि मला फोन केला. “काका, चौघेजण दीड वर्षापासून रात्रीच येताहेत. त्यांनी कधी तक्रारच केली नाही.” दोघांना त्यांनी पुढच्या महिन्यापासून दिवसाची पाळी दिली. उरलेल्या दोघांच्या जागी माणसं नेमायला मंजुरी हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत त्या बाई रोज रात्री दहाला त्यांच्याबरोबर कॅन्टीनमध्ये बसून जेवतात.