डीएसबी-ए या एंझाइमाचा शोध

प्रथिनाची घडी त्याच्या अमिनो अम्लांच्या क्रमातच सामावलेली असते, हे अॅन्फिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. १९६१ मध्ये रायबोन्यूक्लिएजवरून दाखविले. परंतु परीक्षानळीत ती घडी फार सावकाश पडे. १९६३ साली उंदराच्या यकृतात तिला वेग देणारे एंझाइम सापडले. जीवाणूंना मात्र ऑक्सिजन पुरेसा होतो, हा समज टिकून राहिला.

तो मोडला एका निराळ्याच शोधकार्यात. हार्वर्डमधील बार्डवेल, मॅकगव्हर्न व बेकविथ हे ई. कोलायमधील पटल-प्रथिनांच्या मांडणीचा अभ्यास करीत होते. अशा प्रथिनाशी जोडलेले बीटा-गॅलॅक्टोसिडेज निष्क्रिय राही. ते पुन्हा सक्रिय होईल असे उत्परिवर्तक त्यांनी निवडले. बिघाड निघाला तो डायसल्फाइड बंध घडविणाऱ्या एंझाइमाच्या जनुकात! बीटा-गॅलॅक्टोसिडेजमध्ये एरवी अस्थानी बंध पडत होते, हे त्यावरून उमगले. १९९१ मध्ये या एंझाइमास डीएसबी-ए हे नाव मिळाले. निष्क्रियतेची ही खूण पूर्वीही डोळ्यांसमोर होतीच.

नियमनाचा उलगडा १९९७ मध्ये झाला. पेशी-आवरणातील प्रथिनांची घडी बिघडली, की आतील पटलातील सीपीएक्स-ए हे प्रथिन सीपीएक्स-आर यास फॉस्फेट देते. त्यामुळे डीएसबी-एचे जनुक अधिक वाचले जाते. त्याच आज्ञेने डेग-पी हे प्रथिन-विघटक एंझाइमही वाढते.