स्वीडिश पेटीतली मराठी

मे २००७ मध्ये वर्डप्रेस २.२ आलं. नमुन्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक नवी ओळ होती: डीबी कॅरसेट, यूटीएफ-८. मी ती डोळे मिटून उचलली आणि माझं सगळं मराठी लिखाण गायब! एकेका अक्षराच्या जागी दोन-तीन अगम्य चिन्हं. घामच फुटला राव.

झालं असं होतं की मायएसक्यूएल मूळचा स्वीडनचा. त्याचा डिफॉल्ट लॅटिन-१, वर्णक्रमही स्वीडिश. जुनं वर्डप्रेस देवनागरीचे बाइट त्यातच ठेवायचं आणि जसेच्या तसे परत आणायचं. नव्या ओळीमुळे मायएसक्यूएल मध्येच रूपांतर करायला लागला.

ओळ काढली, मराठी परतली. मजकूर हरवलाच नव्हता, लेबल चुकलं होतं. घाबरून त्याच अवस्थेत मराठी पुन्हा टाइप करून सेव्ह केलं असतं, तर मात्र खरंच गेलं असतं.

तो डिफॉल्ट बदलायला २०१८ चं मायएसक्यूएल ८.० उजाडावं लागलं.